ओलं फडकं

कुणाचीही ओळख करून दिली की आमचे आर्टिस्ट नमस्काराच्या आधी म्हणायचे, "जरा मान वळवा बघू." समोरचा माणूस गोंधळून मान वळवायचा आणि हे त्याचा कान बघून घ्यायचे, वरच्या कडेपासून पाळीपर्यंत, अगदी सावकाश. मग नमस्कार. एकदा एका सरकारी कचेरीत त्यांनी मोठ्या साहेबांनाही असंच वळायला लावलं होतं, आणि साहेब वळलेही होते. रत्नागिरीत सगळे त्यांना आर्टिस्टच म्हणत. नाव होतं, पण ते पोस्टमनपुरतं.

"चेहऱ्याचं काय घेऊन बसलास," ते म्हणत. "माणूस घरात एक लावतो, बाजारात दुसरा लावतो. कानाला बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही."

या माणसाला माझ्याकडून एकच शब्द हवा होता. "हो" एवढाच. तो मी नऊ वर्षं दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढच्या गमती ऐकून तुम्हाला वाटायचं की मी त्यांचा कोणी मोठा लाडका होतो.

तरुणपणी ते मुंबईत पुस्तकांसाठी चित्रं काढत. दिवाळी अंक, मुलांच्या गोष्टी, शाळेतले तक्ते. हात असा होता की कावळा काढला तर तो चित्रातून उडून खिडकीत बसेल असं वाटायचं. पण स्वभाव! एका पुस्तकात सुखी कुटुंबाचं चित्र हवं होतं. यांनी आई काढली ती डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेली. चित्र परत आलं, 'आई हसरी हवी' असा शेरा मारून. यांनी त्याच कागदाच्या मागे लिहिलं, "ही पहाटे पाचला उठलेली आहे. हिला झोपू द्या, मग हसरी काढतो." असं चार-पाच ठिकाणी झाल्यावर कामं आटली, आणि हे ट्रंक उचलून रत्नागिरीला आले. म्हणाले, मुंबईवाल्यांना हसरी माणसं लागतात, तर ठेवा म्हणावं तिथेच.

इथे आल्यावर आंब्याच्या पेट्यांची लेबलं काढली. त्यातही आंब्यावर एक डाग काढून ठेवला. बागायतदार चिडला, "अहो, डाग कशाला दाखवता गिऱ्हाइकाला?" तर म्हणाले, "आंबा झाडाला लागलेला वाटायला हवा ना? कारखान्यात केलेला वाटला तर कोण खाईल?" बागायतदाराने डागावर आपल्या नावाची पट्टी छापून घेतली.

मग माशांचा एक मोठा तक्ता आला. मिरकरवाड्यावरून हे सकाळी ताजा बांगडा आणायचे, खिडकीत ठेवायचे आणि रंग उतरायच्या आत काढायला बसायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, चुलीवर तवा ठेवून वाट बघायच्या. "आमच्याकडे मासा आधी बघायचा, मग हुंगायचा आणि मग मांजराला घालायचा," असं त्या आल्यागेल्याला सांगत. काकूंची जीभ तिखट, पण नवऱ्याचं चित्र पुरं होईपर्यंत त्यांनी बांगड्याला हात लावल्याचं मी कधी बघितलं नाही.

पण त्यांचं खरं काम मातीचं. मूळचे पूर्णगडचे, लहानपण मामाच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, शाडू मळण्यात गेलेलं. नाचणे रोडला घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे ते पुतळे करत. गावोगावचे संस्थापक, देणगीदार, देवस्थानचे जुने मानकरी. माती सुकली की भेगा पडतात, म्हणून पुतळा पुरा होऊन त्याचा साचा घेईपर्यंत त्यावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं आणि फडकं सुकू द्यायचं नाही. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर ते एकेका डोक्यावर पाणी शिंपडत फिरायचे. काकू म्हणायच्या, "मेलेल्यांना दोन वेळा आंघोळ, आणि जित्या माणसाला गरम पाणी हवं काय म्हणून कोण विचारत नाही!"

आणि त्यांचा एक कायदा होता. मातीचं डोकं पुरं झालं की ज्याचा पुतळा त्याच्या घरचं माणूस बोलवायचं. फडकं काढायचं. घरच्या माणसाने "हो, आमचेच" म्हटलं की मगच साचा. समितीने म्हणून चालायचं नाही, सरपंचाने म्हणून चालायचं नाही. देवरूखकडच्या एका खेड्यातली म्हातारी नवऱ्याचं डोकं बघून पदर सावरत म्हणाली होती, "आमचेच हो. पण यांना सांगा, आता तरी डोळे वटारू नका." ते ऐकून आर्टिस्ट आठवडाभर खूश होते.

आता माझ्यावर येतो.

माझे वडील देवरूखच्या अलीकडे एका खेड्यातल्या शाळेचे मुख्याध्यापक. शाळा त्यांनीच उभी केलेली. रत्नागिरीहून रोज एसटीने जाऊन-येऊन. शाळेत ते हसतमुख सर म्हणून प्रसिद्ध होते. पोरं त्यांच्या हसण्याची नक्कल करत. मी पदवी घेऊन घरी बसलो होतो तेव्हा त्यांच्या शाळेत कारकुनाची जागा निघाली. मी अर्ज केला. त्यांनी तो फाडला नाही, नीट घडी घालून मला परत दिला. "माझ्या शाळेत माझा मुलगा नको," एवढंच म्हणाले. जागा गावातल्या एका मुलाला मिळाली. मी रागाने लोट्याला गेलो, एका केमिकल कंपनीत स्टोअरला लागलो, आणि वडिलांशी बोलणं टाकलं.

दर शनिवारी घरी यायचो, सोमवारी पहाटे जायचो. एका पंगतीला बसायचो, पण बोलायचो नाही. "आई, त्यांना सांग पंखा बारीक करा." ते दोन हातांच्या अंतरावरच बसलेले असायचे. खालचा ओठ आत घेऊन माझ्याकडे बघायचे, आणि उठून पंखा बारीक करायचे. चार वर्षं हे असंच चाललं. आज सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण तेव्हा मला वाटायचं मी केवढा मानी! मग एका गुरुवारी ते गेले. मी तेव्हा लोट्यालाच होतो.

शाळेच्या समितीने पुतळा करायचं ठरवलं आणि काम आर्टिस्टकडे आलं. ते घरी आले, आईला नमस्कार केला, मला म्हणाले, "मान वळव." मी वळवली. "सापडला," म्हणाले. "सरांचा फोटो समोरून आहे, त्यात कान मिळत नाही. तुझा कान त्यांचाच आहे. ये तीन रविवार."

मी तीन रविवार त्यांच्या शेडमध्ये बसलो. मातीचा चेहरा फडक्याखाली, फक्त कानाची जागा उघडी. ते माझ्या कानाला मध्येच बोट लावून बघायचे आणि पुन्हा मातीकडे वळायचे. आर्टिस्ट काही वर्षं देवरूखला आठवड्यातून दोनदा चित्रकला शिकवायला जात आणि संध्याकाळच्या एसटीने परत येत, वडिलांच्या शेजारी बसून. हे मला तेव्हाच कळलं. "काय बोलायचात तुम्ही?" मी विचारलं. "मी कसला बोलतोय? सर बोलायचे, मी त्यांना काढायचो. कान तेवढा गाडीच्या हादऱ्यात कधी नीट आला नाही," म्हणाले, आणि माझी मान पुन्हा सरळ केली.

बघायला बोलावलं त्या दिवशी अध्यक्ष आले होते, समितीचे आणखी दोघं होते. आर्टिस्टनी फडकं उचललं.

देवाशपथ सांगतो, बाबा होते ते. शाळेतले नव्हेत, घरातले. खालचा ओठ आत घेतलेला, भुवया किंचित वर, पंक्तीत माझ्यासमोर बसायचे तसे. मीच केलेला चेहरा होता तो. चार वर्षं, शनिवार-रविवार, थोडा थोडा करून.

अध्यक्ष म्हणाले, "हे सर नव्हेत. आमचे सर कसे हसतमुख! हा कोणीतरी दुखणेकरी वाटतो. पोरांपुढे हे ठेवायचं?"

आर्टिस्टनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत होते. "घरचं माणूस बोलू दे," म्हणाले.

हो म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलंच असतं, सर घरी असे का असायचे हो? कोणी विचारलं नसतं तरी मला ते दर पुण्यतिथीला हार घालताना बघावं लागलं असतं. मी म्हणालो, "नाही. बाबा असे नव्हते."

"बरं," आर्टिस्ट म्हणाले. फडकं पुन्हा टाकलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि हात धुवायला गेले. वाद नाही, काही नाही. समितीने दुसरीकडून फायबरचा पुतळा आणला. सगळे दात दाखवून हसणारा. अजून आहे तो शाळेच्या अंगणात. दरवर्षी मीच हार घालतो, आणि खरं सांगू, कोणा परक्या माणसाला हार घातल्यासारखं वाटतं.

मला वाटलं आर्टिस्टनी त्या डोक्याची माती मळून पिंपात टाकली असणार. ते माती फुकट जाऊ द्यायचे नाहीत, एका संस्थापकाची माती दुसऱ्या देणगीदाराला लागायची. मी लोटे सोडून रत्नागिरीत एमआयडीसीत नोकरी धरली होती, त्यामुळे ते बाजारात भेटत. भेटले की विचारत, "काय?" मी म्हणे, "काही नाही." "ये एकदा शेडवर." "येतो की." कुठला जातोय!

त्या काळात त्यांचं एक नवीनच खूळ सुरू झालं. कुठे मुक्कामच करायचा नाही. पूर्णगडला सख्ख्या भावाच्या बाराव्याला गेले आणि पान वाढायच्या आत परत निघाले. कोल्हापूरकडे एका मोठ्या पुतळ्याचं काम चालून आलं होतं, चार महिने तिथे राहायचं होतं, ते सरळ नाही म्हणाले. आयुष्यात आलेलं सगळ्यात मोठं काम! लोक म्हणाले, म्हातारा कामातून गेला. मीही म्हणालो. एकदा काकू भाजीच्या टोपल्यांपाशी भेटल्या. म्हटलं, "काकू, काकांना जरा चार दिवस कुठे घेऊन जा." तर म्हणाल्या, "कसली जात्ये मी! घरात एक म्हातारे पाहुणे बसलेत, त्यांच्या पाण्याची वेळ चुकता नये." काकूंच्या नेहमीच्या टोमण्यांपैकी एक, म्हणून मी हसलो आणि कोथिंबीर घेतली. पुढे काकूही गेल्या.

या वैशाखात आर्टिस्टच्या शेजाऱ्यांचा फोन आला. आर्टिस्ट अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि आता छातीत कफ झालाय. दवाखान्यात बारा दिवस झाले. माझा नंबर त्यांना शेडच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला मिळाला होता. वर लिहिलं होतं, 'सरांचा मुलगा'.

मी गेलो. केवढासा झाला होता माणूस. मला बघून आधी हाताने खूण केली, मान वळव म्हणून. मी वळवली. मग उशीखालून किल्ली काढली.

"तुझ्या बाबांचं फडकं सुकलं असेल रे," म्हणाले. "बारा दिवस झाले. उन्हं काय पडतायत बघतोस ना. आधी जा, पाणी दे त्यांना."

मला कळेचना. म्हटलं, "काका, कुठले बाबा? ते तुम्ही मोडलंत ना तेव्हाच?"

"मोडेन कसं?"

"मी नाही म्हटलं होतं."

"तोंडाने म्हणालास." त्यांना धाप लागली, थांबले. "कान लाल झाला होता तुझा. मला काय दिसत नाही होय? म्हटलं आज नाही तर उद्या येईल. राहू दे ओलं."

नऊ वर्षं! रोज सकाळी, रोज संध्याकाळी. मला बसायला स्टूल शोधावं लागलं.

मग तेच म्हणाले, "सर गाडीत तुझंच सांगायचे. मुलगा बोलत नाही म्हणून. रागावून नाही हो. शनिवार आला की म्हणायचे, आज बहुतेक बोलेल. आज बोलेलसं वाटतं." डोळे मिटून पडून राहिले. "तुम्हा सगळ्यांना तो दुखणेकरी वाटला. मी वाट बघणारा माणूस केला होता. मला काय, जमला नसेल."

मी तडक नाचणे रोडला गेलो. दुपारची वेळ, पत्रा तापलेला. बाकी शेड रिकामी, कोपऱ्यात चौरंगावर एकच डोकं गुंडाळलेलं. फडकं पापडासारखं कडक झालं होतं, हळूहळू सोडवलं. कपाळावरून गालापर्यंत भेग गेलेली, एक कान निखळून फळीवर पडलेला. पण बाबा होते. आणि म्हातारा खरं बोलत होता. भुवया तशा वर का होत्या ते मला आत्ता कळलं. समोरच्याने तोंड उघडलं की लगेच ओ द्यायची म्हणून होत्या. मी त्या रिकाम्या शेडमध्ये मोठ्याने "बाबा" म्हटलं. चार वर्षं आणि पुढची नऊ. मग फार रडलो, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

निखळलेला कान मागाहून चिकटवता येईल म्हणून उचलून खिडकीत ठेवला. विहिरीचं पाणी काढलं. फडकं चिंब भिजवून गुंडाळलं. तेवढ्याने समाधान होईना. बारा दिवसांचे तहानलेले, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. तांब्याने वरून पाणी घातलं, एक तांब्या, दुसरा, बादली संपेपर्यंत. कधी त्यांच्या हातावर पाणी घातलं नव्हतं मी. सगळं आटोपून कुलूप लावलं, आणि त्या रात्री कधी नाही ती गाढ झोप लागली.

सकाळी दवाखान्यात जायच्या आधी शेड उघडली. फडकं चौरंगावर खाली बसलं होतं. वर नुसती आतली लोखंडी सळई उभी, आणि भोवती चिखल.

अहो, मी कोकणातला माणूस! दरवर्षी घरचा गणपती पाण्यात सोडतो. वाळलेली शाडू पाण्यात ठेवली की तासाभरात काय होतं ते लहान पोराला विचारा, सांगेल. ओली असते तोवरच तिला पाणी चालतं, एकदा वाळली की पाणी दाखवायचं नाही. मला हे ठाऊक नव्हतं काय? हाताला ठाऊक होतं, डोक्याला ठाऊक होतं, पण त्या दुपारी मी सगळं विसरलो. जे त्यांनी नऊ वर्षं पाण्याने जपलं, ते मी एका बादलीने घालवलं.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ते जागे होते. आवाज अगदी खोल गेला होता.

"ओलं केलंस?"

"केलं."

"चांगलं केलंस ना?"

"हो काका. भरपूर."

"बघितलंस त्यांना?"

"बघितलं."

पुढचं त्यांनी विचारलं नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले, त्या दिवशी अध्यक्षांसमोर बघत होते तसे. सांगायचं होतं मला, काका, तो चेहरा आता नाही. जिभेवर आलं होतं. पण मी म्हणालो, "हो. आमचेच. बाबाच आहेत ते."

त्यांनी हात वर केला. मला वाटलं डोक्यावर ठेवतायत. त्यांनी माझा कान चाचपला, पाळीपर्यंत, आणि हात खाली घेतला.

"मग आता साचा घ्यायला हरकत नाही," म्हणाले. "प्लास्टरची एक पिशवी आणून ठेव. काथ्या आण, कोरडा बघून घे. मी घरी आलो की लागू आपण. एक दिवसाचं काम आहे."

"आणतो," म्हटलं. आणि खरंच गेलो. कशाला गेलो ते विचारू नका. दुकानदार ओळखीचा, म्हणाला, "घराचं काम काढलंत वाटतं?" म्हटलं, "नाही हो. वडिलांचं डोकं ओतायचंय." "वा! कोण करतंय?" मी आर्टिस्टचं नाव सांगितलं. खरं नाव, पोस्टमनपुरतं होतं ते.

चौथ्या दिवशी ते गेले. शेवटपर्यंत शेजाऱ्यांना सांगत होते, सरांच्या घरून हो आलं म्हणून.

तो कान माझ्या कपाटात आहे. अधूनमधून काढतो, बोट फिरवतो, पुन्हा कापसात ठेवतो. प्लास्टरची पिशवी पडवीत होती. या पावसाळ्यातल्या दमट हवेने ती आतल्या आत घट्ट झाली, आता नुसता धोंडा आहे. पायात येते म्हणून बायको रोज विचारते, टाकून देऊ काय? मी अजून हो म्हटलेलं नाही.